बाळाबाईचं कपाळ

बाळाबाईचं कपाळ वाढलंय हे सगळ्यांत आधी तिच्या बोटांना कळलं. त्रेसष्ट वर्षांची बाई. लग्न झाल्यापासून रोज सकाळी आरशात न बघता कुंकू लावायची. केसांच्या कडेखाली आडवी दोन बोटं धरायची आणि त्याच्या खाली कुंकू टेकवायची. कधी चुकायचं नाही. आणि मग एक दिवस सून क्रांती म्हणाली, "आत्ती, आज कुंकू लई वर गेलंय." बाळाबाईनं पदरानं पुसलं, परत लावलं. दुसऱ्या दिवशी परत वर. चार दिवस हेच झाल्यावर तिनं भिंतीवरचा आरसा काढून दारात उजेडाला नेला आणि नीट बघितलं. बोटं बरोबरच होती. केसांची कडच मागं गेली होती.

आता केस कुणाचे जात नाहीत? साठी उलटली की वेणीची शेपटी होते, हे काय बाळाबाईला कुणी सांगायला पाहिजे होतं? पण हे तसं नव्हतं. मागची वेणी होती तशीच होती. फक्त पुढनं, ह्या कानापासून त्या कानापर्यंत, चार बोटांची पट्टी साफ झाली होती. तिथली कातडी बाकीच्या कपाळापेक्षा गोरी आणि गुळगुळीत, तिथं कधी केस उगवलेच नव्हते अशी. मधेच एखादा एकटा केस, वाट चुकलेल्या माणसासारखा. आणि भुवया? भुवया कधी गेल्या ते तर तिला आठवेचना. ती आरसा हातात धरून बसून राहिली. असलं गळणं तिनं कुणाचं बघितलं नव्हतं, कुणाकडून ऐकलंही नव्हतं.

तिनं सांगितलं नाही तरी कोल्हापुरातली गंगावेशीच्या मागची ती गल्ली, तिच्यापासून काय लपतंय? शेजारची शालूबाई म्हणाली, बोअरच्या पाण्यानं झालंय. धाकटी जाऊ म्हणाली, दृष्ट लागलीय, मीठ-मोहऱ्या उतरा. मेडिकलवाल्यानं ताकदीच्या गोळ्यांची बाटली दिली आणि वर सांगितलं की कांद्याचा रस चोळा. बाळाबाईनं सगळं केलं. महिनाभर कांद्याचा रस चोळला. घरातली माणसं जेवताना लांब बसायला लागली, केस काही जवळ आले नाहीत. असं करता करता दीड-दोन वर्षं गेली आणि पट्टी आणखी एक बोट रुंद झाली.

केसांबरोबर तिच्यातलं आणखीही काहीतरी चाललं होतं, ते मात्र तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐन वैशाखात तिला थंडी वाजायची. सकाळी तोंड सुजलेलं असायचं, आवाज घोगरा झाला होता. दारात चार म्हशी. त्यांच्या सकाळच्या धारा बाळाबाईच्या, संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर धार काढायला म्हशी कट्ट्यावर न्यायच्या त्या तिच्या नवऱ्यानं, जोतीरामनं, अशी त्या घरातली वाटणी. पूर्वी चारी म्हशींच्या धारा काढून चुलीवर चहा ठेवेपर्यंत तिला तास लागायचा नाही. आता दुसऱ्या म्हशीलाच मनगटं मरायची. मग ती म्हशीच्या कुशीला डोकं टेकायची आणि तिथंच डोळा लागायचा. म्हैस बिचारी उभी राहायची. एकदा तर धार न काढताच तिनं रेडकू सोडलं आणि रेडकानं सगळं दूध पिऊन टाकल्यावर तिला समजलं.

बाळाबाई विचार करून करून दमली. केस गेले तशी ताकद गेली. म्हणजे ताकद केसांतच होती की काय? का ताकद गेली म्हणून केस गेले? एक धरावं तर दुसरं सुटायचं. शेवटी तिनं आपलं मनाशी पक्कं केलं, केस परत आले की अंगात जीव परत येईल. कुणी शिकवलं नव्हतं तिला हे. पण माणसाला काहीतरी धरून चालावंच लागतं.

त्यातच गणपती बसायच्या आधी जोतीराम जेवताना म्हणाला, "शिमगा झाला की म्हशी द्यायच्या. गडमुडशिंगीच्या विजयसिंहाला शब्द दिलाय."

बाळाबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "आनी का?"

"का म्हंजे? तुज्यानं हुतंय व्हय आता?"

"हुतंय की. न झालेलं काय दिसलं तुमास्नी?"

जोतीरामनं वर बघितलं, तिच्या कपाळापर्यंत नजर नेली आणि लगेच ताटात घातली. हे त्याचं अलीकडं सुरू झालं होतं. अडुसष्ट वर्षांचा दांडगा गडी, चार गल्ल्या ऐकू जाईल असं बोलणारा. पण बायकोशी बोलायचं म्हटलं की हल्ली हनुवटीच्या वर बघतच नव्हता. बाळाबाईला वाटायचं, आपण वाईट दिसतोय म्हणून बघत नाही. आणि हे तिला फार लागायचं. चाळीस वर्षांहून जास्त संसार केला, दोन पोरांची लग्नं केली, आता चार-पाच बोटं कपाळ वाढलं तर माणसानं तोंड फिरवावं?

पण तोंडाचं राहू दे, म्हशींचं काय? सोळाव्या वर्षी ती ह्या घरात आली तेव्हा सासूनं तिसऱ्याच दिवशी तिच्या हातात चरवी दिली होती. तेव्हापासून तिचा दिवस म्हशीच्या अंगाला हात लावून सुरू व्हायचा. म्हशी गेल्या तर पहाटे उठून करायचं काय, हा प्रश्न तिला पडला. क्रांतीच्या स्वयंपाकघरात लुडबुड करायची? टीव्हीसमोर बसायचं?

"केसं परत आली तर ठेवशीला म्हशी?" तिनं विचारलं.

हे काय विचारणं झालं, असं दुसरा कोणी म्हणाला असता. जोतीरामनं मात्र भाकरीचा घास मोडला. मग म्हणाला, "आली तर बघू."

झालं. बाळाबाईला तेवढंच पुरे होतं.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पण त्याच्या आधी चार-आठ दिवस म्हशी भादरायच्या असतात, तेल चोळून काळ्याभोर करायच्या असतात, ते काम पाहुण्यांना दिसत नाही. बाळाबाईच्या घरी भादरायचं मशीन होतं आणि ते चालवण्यात तिचा हात जोतीरामपेक्षा चांगला. त्या दिवशी थोरल्या म्हशीची पाठ भादरताना तिचा हात थांबला. गेल्या साली ही आजारानं खंगली होती. तेव्हाही भादरली, कडू तेल चोळलं, महिन्याभरात नवे केस आले आणि म्हैस अंगानं भरली. पन्नास वर्षं बाळाबाई हेच बघत आली होती. भादरलं की नवं येतं, दाट येतं, जनावर उभं राहतं. माणसाचं कातडं आणि जनावराचं कातडं, कातडंच की शेवटी.

जोतीराम पेंड आणायला गेला होता. क्रांती वर वाळवण काढत होती. बाळाबाईनं मशीन पुसलं, पदर मागं टाकला आणि डोक्याच्या मध्यापासून पुढचं सगळं भादरून टाकलं. वर कडू तेल चोळलं. डोकं एकदम हलकं आणि गार झालं. दोन दिवस तर तिला अंगात थोडी तरतरी आल्यासारखंही वाटलं. पदर तेवढा तिनं डोक्यावरनं ढळू दिला नाही.

पण पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं असतं. जोतीराम न्हाऊन पाटावर बसला. बाळाबाई तबक घेऊन त्याला टिळा लावायला वाकली आणि दोन्ही हात गुंतलेले, पदर सरळ खांद्यावर आला.

जोतीराम ओरडला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, तिला सवय होती. तो अर्धा टिळा लागलेला तसाच उठला आणि गोठ्यात जाऊन दाराकडं पाठ करून बसला. मिरवणुकीला म्हशी घेऊन पोरगा गेला, जोतीराम गेलाच नाही.

"आत्ती, हे काय केलासा?" क्रांती रडकुंडीला आली. शालूबाईला संध्याकाळपर्यंत खबर लागली, ती दारातनंच म्हणाली, "अगं, नवरा जित्ता असताना आसं करत्यात व्हय?" बाळाबाईला वाटलं, तोही त्यासाठीच रागावला असणार. तिला स्वतःचीच लाज वाटली. पण का केलं ते सांगायचं कुणाला?

तुळशीचं लग्न झाल्यावर क्रांतीनं ऐकलं नाही, तिला धरून राजारामपुरीत कातडीच्या डॉक्टरणीकडं नेलं. डॉक्टर प्रमोदिनी म्हणजे पन्नाशीची, चष्मा नाकावर आणून बोलणारी बाई. तिनं भिंग लावून डोकं बघितलं, भादरल्याची हकीकत ऐकली, हसली नाही. म्हणाली, "थोडं उगवू द्या मावशी. तीन आठवड्यांनी या. कुठं येतंय आणि कुठं नाही ते आपोआप कळेल."

आणि खरंच कळलं. तीन आठवड्यांत डोक्यावर पांढऱ्या-काळ्या केसांचे खुंट आले, पण भादरलेल्या जागेच्या मागच्या अर्ध्यावर. पुढची पट्टी तशीच गुळगुळीत. दोघांच्या मधली रेघ कुणी पट्टीनं मारावी इतकी सरळ. डॉक्टरणीनं कडेचा कातडीचा बारका तुकडा तपासायला काढला, रक्त घेतलं आणि आठ दिवसांनी बोलावलं.

"मावशी, केस जाणं दोन तऱ्हेचं असतं," ती सांगायला लागली. "एकात केस पडतो, पण त्याचं मूळ जिवंत असतं, ते परत उगवतं. तुमचं दुसऱ्या तऱ्हेचं आहे. आतून दाह होतो आणि मुळाच्या जागी व्रण भरतो. भाजल्यावर कातडी कशी होते, तसं. तिथं परत केस येत नाही. पाळी गेल्यानंतरच्या बायकांना होतं हे."

"भादरल्यानं झालं?"

"नाही. भादरल्यानं केस जातही नाहीत आणि दाटही येत नाहीत. पण औषधाविना दोन वर्षं गेली तुमची. आता औषध देते ते आहेत ते केस राखायला."

बाळाबाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. औषध केसांचं, आणि केस येणार नाहीत. मग औषध कशाला? ती हे विचारणार तोवर डॉक्टरणीनं दुसरा कागद काढला. "आणि रक्तात थायरॉइड, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचा रस, कमी आहे, बरंच कमी. कोलेस्टेरॉलही वाढलंय. थंडी वाजते? दमायला होतं? विसरायला होतं?"

बाळाबाईनं क्रांतीकडं बघितलं. हे तर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. रक्तात असलं लिहिलेलं असतंय? "म्हंजे त्या थायरॉइडनं केसं गेली माजी?"

"तसं म्हणता येत नाही. हा केसांचा रोग असलेल्या बऱ्याच बायकांना थायरॉइडही असतं, म्हणून आम्ही तपासतो. एकाच आळीत राहतात दोघं. पण कुणी कुणाला आणलं, ते अजून नक्की कुणाला माहीत नाही. थायरॉइडची गोळी घेतली की थकवा जाईल, थंडी जाईल. केस मात्र गेलेले गेले."

बाळाबाई दवाखान्यातनं बाहेर पडली ती पार गोंधळून. आली होती केस घेऊन, ह्या बाईनं गळा धरला. केसांचं औषध केस आणत नाही, गोळी केसांची नाही, आणि डॉक्टरच म्हणतेय माहीत नाही. रिक्षात ती क्रांतीला तीनदा म्हणाली, "खरं मला झालंय काय?" आणि क्रांतीला तरी कुठं सगळं कळलं होतं? घरी गेल्यावर जोतीरामनं विचारलं तेव्हा क्रांतीनं सासऱ्याला एवढंच सांगितलं, "मामा, केसं काय परत येत न्हाईत म्हणाल्या. रक्तात पण काय काय निघालंय." जोतीराम उठला आणि परत गोठ्यात जाऊन बसला.

गोळी पहाटे रिकाम्या पोटी घ्यायची होती. बाळाबाईनं एक दिवस चुकवली नाही. पहिल्या म्हशीची धार निघाली की फेसाळ कोमट दुधाचा पेला तोंडाला लावायचा ही तिची सोळाव्या वर्षापासूनची रीत. त्याच पेल्याबरोबर गोळी. दोन महिने झाले. थंडी गेली नाही, थकवा गेला नाही. उलट मधे संक्रांतीला तिळगूळ वाटताना ती भिंतीला धरून बसली. आता जोतीराम दोन म्हशींच्या धारा न बोलता स्वतःच काढायला लागला होता. धारेगणिक बाळाबाईला वाटायचं, हा मला म्हशींपासून सोडवतोय. शिमगा जवळ येत होता आणि तिला काय चुकतंय ते कळत नव्हतं.

त्यानंतर दुसऱ्यांदा रक्त तपासलं. क्रांती माहेरी गेली होती, म्हणून डॉक्टरणीकडं न्यायला जोतीरामच आला. कोपऱ्यातल्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसला. डॉक्टरणीनं कागद बघितला, मागचा बघितला, परत हा बघितला. "मावशी, हललंच नाही काही. गोळी घेता ना?"

"रोज. रिकाम्या पोटी."

"कशाबरोबर?"

"दुधासंगं."

"मावशी, मी रिकाम्या पोटी म्हणाले होते."

"मग रिकाम्याच पोटी की. दूध काय खाणं हाय?"

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. गोळी दुधात अडकून बसते, रक्तात उतरत नाही, हे तिनं दोनदा समजावलं. नुसत्या पाण्यानं घ्यायची, तासभर काही खायचं नाही आणि दूध तीन-चार तास नाही. ज्या दुधावर घर उभं राहिलं तेच आडवं आलं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातनं जोतीराम बोलला, इतक्या हळू की बाळाबाईला तो आवाज ओळखूच आला नाही. "डॉक्टर, हिचं किती दिस हायत?"

"कसले दिवस?"

"खरं सांगा. माज्या भनीचं, बनाचं, आसंच झालतं. आधी भुवया गेल्या, मग केसं, मग ती गेली. तवाबी डॉक्टर म्हणालते, काय न्हाय."

बनाबाईला कॅन्सर झाला होता. औषधानं केस गेले होते. शेवटचे दोन महिने ती ह्यांच्याच घरी होती आणि तिला पेज भरवली होती ती बाळाबाईनंच. बाळाबाई नवऱ्याकडं बघत राहिली. म्हणजे हा रागावला नव्हता. आपल्याला ओंगळ म्हणून तोंड फिरवत नव्हता. वर्षभर हा आपल्याला मरताना बघत होता. आणि म्हशी देऊन टाकायच्या म्हणजे हिला मरायच्या आधी जरा बसायला मिळू दे, एवढंच ह्याच्या डोक्यात होतं. तिला रडूही आलं आणि त्याला दोन लगावाव्यात असंही वाटलं.

"हा तो रोग नाही, काका," डॉक्टरण म्हणाली. "ह्यात केस जातात, माणूस जात नाही."

जोतीरामनं मान हलवली. पण ती पटल्याची मान नव्हती. स्कूटरवर तो एवढंच म्हणाला, "त्यास्नी तसं सांगावंच लागतं."

मग गोळी पाण्यानं सुरू झाली. दूध दुपारवर गेलं. तीन आठवडे काही नाही. मग तोंडाची सूज उतरली. मग एका पहाटे जोतीराम धारेला यायच्या आधीच बाळाबाई चौथ्या म्हशीखाली बसली आणि तिच्या लक्षात आलं की आज आपण मधे कुठंच टेकलो नाही. मनगटं आपली आपण चालत होती. केस? केसांचं काही नाही. औषधानं पट्टी थांबली होती, पण एक केस नवा नव्हता. जोतीराम आता रोज सकाळी तिच्या कपाळाकडं बघायचा. नीट, जवळ येऊन बघायचा, आणि निघून जायचा. बोलला होता ना, आली तर बघू. त्याला धारा दिसत नव्हत्या, त्याला फक्त कपाळ दिसत होतं.

शिमगा झाला. चौथ्या दिवशी सकाळी विजयसिंहाचा टेम्पो दारात लागला. जोतीराम हातात दावं घेऊन गोठ्यात आला. बाळाबाई तिसऱ्या म्हशीखाली होती. पदर खांद्यावर पडला होता. तिनं तो वर घेतला नाही.

"पावणं आल्यात," तो म्हणाला.

"बसू द्या."

"केसं आली न्हाईत."

"येणार बी न्हाईत. हजारदा सांगितलंय त्या बाईनं."

जोतीराम तिथंच उभा राहिला. "मला तुजं कपाळ बघितलं की बना दिसती," तो म्हणाला. "रोज दिसती."

बाळाबाईनं धार थांबवली. चरवी काठोकाठ भरली होती. ती उचलून तिनं त्याच्यासमोर ठेवली, एका हातानं, आणि उभी राहिली. "बना मेली. तिला मी न्हाऊ घातली, मला म्हाईत हाय. मी न्हाय मेलेली. मी गेल्यावर खुशाल इका म्हशी. आत्ता मी हाय न्हवं हितं?"

त्यानं दावं खाली टाकलं आणि हात पुढं करून तिच्या कपाळावर ठेवला, केस नव्हते त्या जागेवर. वर्षभरात पहिल्यांदा. कातडी गुळगुळीत होती आणि ऊबदार होती. घामानं थोडी ओलीही होती, तीन म्हशींच्या धारा काढलेल्या बाईची असते तशी.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"जावा, पावण्यास्नी सांगा," बाळाबाई म्हणाली. "मला अजून चौथीची धार काढायची हाय."

"सांगतो," जोतीराम म्हणाला, पण हात काही त्यानं काढला नाही.